मिड-सेम ब्रेकचे उरलेले सहा दिवस : एका विद्यार्थ्याचं प्रकरण

सोमवारी रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला. "मॅडम, तीन दिवस गेले आणि मी होतो तिथेच आहे. माझ्याच्याने काही होईल असं वाटत नाही." मिड-सेम ब्रेक शनिवारी सुरू झाला होता आणि पुढच्या रविवारी संपणार होता. नऊपैकी सहा दिवस अजून हातात होते, पण त्याला ते दिसत नव्हते. दिसत होते ते गेलेले तीन.

पुढे त्या सहा दिवसांचं काय झालं ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण दर सत्रात माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीच जण याच खड्ड्यात पडतात. ही मुलं आळशी असतात असं बाहेरून वाटतं. हा मुलगा तर मुळीच आळशी नव्हता. तीन दिवस तो सकाळी सहाला उठून बसत होता.

कुठे अडकला होता

भौतिकशास्त्राचं दुसरं वर्ष. विषय पाच : लिनिअर अल्जेब्रा, थर्मोडायनॅमिक्स, प्रोबॅबिलिटी, प्रोग्रॅमिंग आणि लॅब. पहिले तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. चौथ्या आठवड्यात तापाने आडवा झाला आणि आठ दिवस वर्गात नव्हता. परत आला तेव्हा मागचं माहीत नसल्यामुळे पुढचं कळेना, आणि मागचं भरून काढायच्या नादात चालू तासाकडे लक्ष लागेना. सातव्या आठवड्याच्या शेवटी ब्रेक लागला तेव्हा त्याच्या नावावर २२ लेक्चर्स थकलेली होती. शिवाय लॅबचा एक रिपोर्ट ब्रेकनंतरच्या सोमवारी सकाळी नऊला जमा करायचा होता. अंतिम परीक्षा ब्रेक संपल्यावर पाच आठवड्यांनी.

शुक्रवारी तो वेळापत्रक घेऊन माझ्याकडे आला होता. मोठ्या कागदावर आखलेलं, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. शनिवार ते मंगळवार रेकॉर्डिंग बघून २२ लेक्चर्स संपवायची, रोज सहाच्या हिशेबाने. बुधवार ते शुक्रवार ट्युटोरियल शीट्स. शेवटचा शनिवार-रविवार रिपोर्टला. मी सगळे विषय आलेत ना तेवढं पाहिलं आणि म्हटलं, "छान झालंय, लाग कामाला."

ही माझी चूक होती आणि ती मला अजून बोचते. मी एकच प्रश्न विचारायला हवा होता : एक लेक्चर बघून उठायला तुला खरोखर किती वेळ लागतो?

रेकॉर्डिंग ५० मिनिटांचं, म्हणून त्याने तास धरला होता. प्रत्यक्षात थांबवत, मागे नेत, टिपणं काढत पावणेदोन तास लागत होते. म्हणजे २२ लेक्चर्सचे साडेअडतीस तास, आणि कागदावर होते २२. शनिवारी चार लेक्चर्स झाली, रविवारी दोन, सोमवारी एक. आकडा असा उतरत गेला त्यात थकव्याचा भाग थोडा होता; मागे पडल्याची टोचणी मोठी होती. सोमवारची अख्खी दुपार त्याने तेच वेळापत्रक नव्याने आखण्यात घालवली होती. रंग तेच, फक्त चौकोन आणखी बारीक.

स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नाव दिलं : प्लॅनिंग फॅलसी. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला. तेव्हा हा दोष माझ्या एकट्या विद्यार्थ्याचा नव्हता. मात्र अंदाज सुधारायचा एक साधा मार्ग आहे : मागच्या वेळी असंच काम करायला किती वेळ लागला होता ते आठवायचं आणि तोच आकडा धरायचा. त्याच्याकडे आता तीन दिवसांचा खरा आकडा होता. ते तीन दिवस वाया गेले नव्हते ते या अर्थाने, आणि हे मी त्याला पहिल्यांदा सांगितलं.

मंगळवारची सकाळ

मंगळवारी नऊला आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. तो नवं वेळापत्रक दाखवायला उतावीळ झाला होता. मी म्हटलं, "ते राहू दे. वह्या, लॅपटॉप, सगळं बाजूला सार. तीन कोरे कागद घे."

प्रोग्रॅमिंग त्याला जमत होतं, लॅबचा फक्त रिपोर्ट बाकी होता. राहिले तीन विषय. प्रत्येकाला २० मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत काही न बघता त्या विषयातलं जे आठवेल ते लिहायचं, उरलेल्या दहांत दुसऱ्या आठवड्यातलं एक उदाहरण आणि अलीकडचं एक उदाहरण सोडवायचं. सुटलं नाही तर जिथे पेन थांबलं तिथे फुली मारायची आणि पुढे जायचं.

तो म्हणाला, "पण मॅडम, माझं वाचूनच झालेलं नाही. आधी वाचतो, मग चाचणी देतो."

असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. पूर्ण वाचून झाल्याशिवाय स्वतःची परीक्षा घ्यायची नाही, असं आपल्या मनात लहानपणापासून बसलेलं असतं. मी एवढंच म्हटलं की मार्क कोणी देणार नाहीये, आपल्याला फक्त फुल्या कुठे पडतात ते बघायचंय.

प्रोबॅबिलिटीच्या कागदाने आम्हा दोघांनाही चकित केलं. कंडिशनल प्रोबॅबिलिटी, बेजचं सूत्र, रँडम व्हेरिएबलची सरासरी, सगळं बऱ्यापैकी आलं. आजारातून उठल्यावर वर्गमित्राच्या वहीतून त्याने हा भाग उतरवून घेतला होता आणि उतरवताना समजूनही घेतला होता. पण रेकॉर्डिंग बघितलेलं नाही म्हणून या विषयाची सहा लेक्चर्स 'थकबाकी'त धरलेली होती. सहा लेक्चर्स म्हणजे साडेदहा तास. ते तिथल्या तिथे मोकळे झाले.

थर्मोडायनॅमिक्सचा कागद पहिल्या नियमापर्यंत भरला आणि पुढे कोराच राहिला. तिथे अंदाज आणि वस्तुस्थिती जुळली.

खरी गोष्ट लिनिअर अल्जेब्रात निघाली. अलीकडचं उदाहरण म्हणून मी दोन बाय दोनचं साधं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, दिलं : पहिली ओळ दोन, एक, दुसरी ओळ एक, दोन. आयगेनव्हॅल्यू काढ आणि आयगेनव्हेक्टर काढ. (मॅट्रिक्सने गुणल्यावरही जो व्हेक्टर आपल्याच रेषेवर राहतो तो आयगेनव्हेक्टर, आणि तो जितक्या पटीचा होतो तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू.) आयगेनव्हॅल्यू त्याने पटकन काढल्या, तीन आणि एक. बरोबर. मग तीन ही किंमत कर्णावरून, म्हणजे वर डावीकडून खाली उजवीकडे जाणाऱ्या आकड्यांतून, वजा केली आणि समीकरणं मांडली. पहिली ओळ आली उणे एक, एक. दुसरी ओळ आली एक, उणे एक. तिथे तो थांबला. खोडलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मग त्याने फुली मारली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीतरी चुकतंय. दोन्ही समीकरणं एकच येतायत. दोन अज्ञातं आहेत आणि समीकरण एकच उरतंय, मग उत्तर कसं निघणार?"

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. दोन्ही ओळी एकमेकींच्या पटीत येणं हेच तर तिथे व्हायला हवं होतं. तीन ही आयगेनव्हॅल्यू आहे याचा अर्थच असा की ती कर्णावरून वजा केल्यावर डिटरमिनंट (मॅट्रिक्सवरून काढायचा एक आकडा) शून्य होतो, आणि तो शून्य होतो तेव्हा ओळी परस्परावलंबी असतात, म्हणजे एक ओळ बाकीच्यांवरून मिळते. म्हणून एक अज्ञात मोकळं राहतं आणि शून्याखेरीज दुसरं उत्तर निघू शकतं. इथे ते निघतं एक, एक. हे न कळल्यामुळे गेले कित्येक दिवस प्रत्येक आयगेनव्हेक्टरपाशी तो आपलंच गणित चुकलं असं समजून बरोबर आलेलं खोडत होता.

मग त्याने दुसऱ्या आठवड्यातलं उदाहरण दाखवलं, तीन व्हेक्टर परस्परावलंबी आहेत का ते सांगायचं. तिथेही फुली होती. दुसऱ्या आठवड्यात तो वर्गात होता, निरोगी होता, ते लेक्चर थकबाकीच्या यादीत नव्हतंच. सगळा दोष तापावर ढकलून आम्ही दोघंही मोकळे झालो होतो आणि मूळ मात्र तापाच्या दोन आठवडे आधीचं निघालं. त्याच्या पहिल्या वेळापत्रकात त्या दिवसाला एक चौकोनही नव्हता. राहिलेली २२ लेक्चर्स त्याने रात्री जागून पूर्ण केली असती तरी हा दगड तिथेच राहिला असता.

म्हणून ब्रेकच्या पहिल्या सकाळी वेळापत्रकाच्या आधी कोरा कागद असावा असं मी आग्रहाने सांगते. काय बुडालं हे हजेरीपट सांगतो, पण काय येत नाही हे फक्त कोरा कागद सांगतो, आणि बरेचदा या दोन याद्या वेगळ्या निघतात.

न बघता आठवून लिहिण्याचा उपयोग नुसता तपासणीपुरता नसतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्या चांगलं लक्षात राहील अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होती. ब्रेकमध्ये रेकॉर्डिंग बघत राहण्याचा धोका हाच आहे. बघताना सगळं समजतंय असं वाटतं.

काय सोडायचं

आता सहा दिवसांची आखणी. त्यात सर्वांत अवघड गेलं ते काय करायचं हे ठरवणं नव्हे, काय सोडायचं हे ठरवणं. त्याला काहीच सोडवत नव्हतं. थर्मोडायनॅमिक्सचे चार भाग राहिले होते. मी म्हटलं, या ब्रेकमध्ये दोनच : पहिल्या नियमाची उदाहरणं आणि एन्ट्रॉपी. पोटेन्शियल्स आणि फेज बदल ब्रेकनंतर. तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण ब्रेक संपल्यावर वेळ कुठे असणार?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. वेळ कमीच असणार होता. पण लिनिअर अल्जेब्राचा उरलेला सगळा अभ्यासक्रम त्या एका न कळलेल्या कल्पनेवर उभा होता. तिला हात लावला नाही तर ब्रेकनंतरचं प्रत्येक लेक्चर नव्याने बुडणार होतं. थर्मोडायनॅमिक्सचे ते दोन भाग परीक्षेत हवेच होते, पण ते मागे राहिल्याने वर्गात चालू असलेलं काही अडत नव्हतं. ज्याच्यावाचून पुढचं अडतं ते आधी घ्यायचं, हा नियम आम्ही लावला. त्याची किंमत त्याला मोजावी लागली. परीक्षेत पोटेन्शियल्सवरचा प्रश्न त्याला अर्धाच सोडवता आला आणि त्या विषयात त्याला मनासारखे गुण पडले नाहीत. तरीही पुन्हा वेळ आली तर मी हाच सल्ला देईन.

रिपोर्टच्या बाबतीत मी थोडी जबरदस्तीच केली. तो शेवटच्या दोन दिवसांत होता, मी त्याला बुधवारी सकाळी आणायला लावला. प्रयोग होता गरम पाणी थंड होत जाण्याचा वेग मोजण्याचा. न्यूटनच्या नियमाप्रमाणे पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाचा लॉगरिदम वेळेसमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी. आलेख काढायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिसऱ्या फेरीच्या वेळचं खोलीचं तापमान वहीत नाहीच. ते होतं प्रयोगातल्या जोडीदाराकडे, आणि जोडीदार प्रवासात. बुधवारी सकाळी मेसेज केला, उत्तर आलं गुरुवारी संध्याकाळी. हीच गोष्ट रविवारी दुपारी उघडकीला आली असती तर सोमवारी नऊला तो काय जमा करणार होता? ज्या कामात दुसऱ्या माणसाची गरज पडू शकते ते ब्रेकच्या मध्यात उघडायचं. संपवलं नाही तरी चालेल, पण उघडायचं.

घर

ब्रेकमध्ये तो घरी गेला होता, आणि याचा विचार त्याने किंवा मी शुक्रवारी केलाच नव्हता. घरच्यांच्या दृष्टीने ती सुट्टी होती. हाक मारली की तो उठायचा, मग परत येऊन बसताना स्वतःवर चिडायचा, आणि ती चिड कधीकधी आईवर निघायची. असं वेळापत्रक घरात पाळणं शक्यच नव्हतं, कारण त्यात घर नव्हतंच.

मी सुचवलं की आईला नेमकी वेळ सांग : सकाळी नऊ ते साडेबारा दार बंद, संध्याकाळी पाच ते साडेसात दार बंद, मधला वेळ तुझा. त्याला वाटलं होतं आई नाराज होईल. झालं उलटंच. कधी बोलावलं तर चालेल हे कळल्यावर आईचीच धास्ती कमी झाली. रोजचे सहा तास ठरले, आणि गुरुवारी दुपारनंतर काहीच नाही. 'काहीच नाही'चा अर्थ त्याला दोनदा विचारून घ्यावा लागला, कारण मोकळ्या वेळातही वही उशाशी ठेवून तो अपराध्यासारखा बसे.

झोपेवर मात्र मी तडजोड केली नाही. तो रात्री तीनपर्यंत जागत होता आणि सहाला उठत होता. जॉन जेन्किन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं झोपल्यानंतर जितकं टिकतं तितकं तेवढाच वेळ जागं राहिल्यावर टिकत नाही. त्या प्रयोगात दोनच विद्यार्थी होते, पण त्यानंतर झालेलं बरंच काम त्याच दिशेने बोट दाखवतं. तीन तास झोपून बघितलेलं सातवं लेक्चर त्याला मंगळवारी सकाळी दोन वाक्यांपलीकडे सांगता आलं नव्हतं. ते मी त्यालाच दाखवलं. वाद तिथेच संपला.

सहा दिवस कसे गेले

सगळं ठरल्याप्रमाणे झालं नाही. शुक्रवारी संध्याकाळची बैठक पाहुण्यांमुळे बुडाली. एन्ट्रॉपीची उदाहरणं रविवारवर ढकलावी लागली आणि तीही अर्धीच झाली. लिनिअर अल्जेब्राला मात्र त्याने बुधवार ते शुक्रवार रोज सकाळचा वेळ दिला. रिपोर्टमुळे बुधवारी त्यातला तासच उरला, तरी दिला. पद्धत एकच : आधी कोरा कागद, अडेल तिथे फुली, मग फक्त त्या फुलीपुरतं रेकॉर्डिंग किंवा पुस्तक, मग पुस्तक मिटून तेच उदाहरण पुन्हा. थकलेल्या २२ लेक्चर्सपैकी ब्रेकमध्ये त्याने पूर्ण पाहिली ती आधीची सात धरून अकरा. अर्धीच. हा आकडा त्याने मला जरा संकोचानेच सांगितला.

रविवारी रात्री त्याने रिपोर्ट पाठवला. आलेखातली रेषा सरळ होती, शेवटचे दोन बिंदू थोडे बाहेर, आणि ते का बाहेर असावेत यावर त्याने एक परिच्छेद लिहिला होता. घाईत लिहिलेल्या रिपोर्टमध्ये तो परिच्छेद कधीच नसतो.

एक गोष्ट आम्ही ब्रेक संपायच्या आधीच नक्की केली होती. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या अभ्यासात लोकांनी काही माहिती शिकली, ठरावीक दिवसांनी तिची उजळणी केली आणि नंतर परीक्षा दिली. परीक्षा उजळणीनंतर ३५ दिवसांनी असेल तर, तपासलेल्या अंतरांपैकी शिकणं आणि उजळणी यांत ११ दिवसांचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं. त्याची परीक्षा उजळणीनंतर साधारण चार आठवड्यांनी येत होती. आकडा तंतोतंत पाळायला हवा असं नाही, पण 'नंतर कधीतरी उजळणी करू' म्हणण्यापेक्षा तारीख ठरवलेली बरी. ब्रेकमधल्या शुक्रवारपासून अकरावा दिवस मंगळवार येत होता. त्या मंगळवारी शेवटचा तास संपल्यावर माझ्या खोलीत यायचं, कोरा कागद घेऊन.

तो आला. मी तीन बाय तीनचं मॅट्रिक्स दिलं, कर्णावर दोन आणि बाकी सगळीकडे एक. आयगेनव्हॅल्यू आल्या चार, एक आणि पुन्हा एक. एक ही किंमत त्याने कर्णावरून वजा केली. तिन्ही ओळी एकसारख्या आल्या : एक, एक, एक. मी त्याच्या हाताकडे बघत होते. पेन थांबलं नाही. त्याने खाली लिहिलं, "समीकरण एकच, मोकळी अज्ञातं दोन, म्हणजे इथे दोन व्हेक्टर मिळणार," आणि ते काढायला लागला.